आयजीजी १.८ म्हणजे नेमकं काय? गुप्तांगाच्या हर्पीसचे रिपोर्ट वाचताना

रिपोर्ट हल्ली डॉक्टरांच्या आधी आपल्या व्हॉट्सअ‍ॅपवर येतो. पीडीएफ उघडली की ठळक अक्षरांत 'एचएसव्ही २ आयजीजी १.८, पॉझिटिव्ह' दिसतं आणि शेजारी 'नॉर्मल : ०.९ पेक्षा कमी'. एचएसव्ही म्हणजे हर्पीस सिम्प्लेक्स विषाणू, त्याचे १ आणि २ असे दोन प्रकार. एवढ्या आकड्यावर माणसं स्वतःला जन्माचा रोगी ठरवून मोकळी होतात. घरात संशय शिरतो, ठरत आलेलं लग्न पुढे ढकललं जातं. म्हणून हा आकडा काय सांगतो आणि काय सांगत नाही, तिथूनच सुरुवात करू.

१.८ हे रक्तातल्या विषाणूंचं प्रमाण नाही. शरीराने या विषाणूविरुद्ध अँटिबॉडी, म्हणजे त्याच्याशी लढणारी प्रथिनं, तयार केल्या आहेत का, ते यंत्र पाहतं. आयजीजी हा अँटिबॉडीचाच एक प्रकार. तुमच्या नमुन्याचं मोजमाप आणि किटमधल्या ठरलेल्या नमुन्याचं मोजमाप यांचं ते गुणोत्तर काढतं, त्यालाच इंडेक्स म्हणतात. नेहमीच्या एलायझा किटमध्ये ०.९ च्या खाली निगेटिव्ह, ०.९ ते १.०९ संदिग्ध आणि १.१ पासून पुढे पॉझिटिव्ह अशी रेघ आखलेली असते. रेघेच्या जरासं वर असणं आणि खरोखर संसर्ग असणं यांत मोठं अंतर आहे. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की एचएसव्ही २ चा इंडेक्स १.१ ते ३ च्या दरम्यान असेल, तर वेगळ्या पद्धतीच्या दुसऱ्या चाचणीने खात्री करून घ्यावी. या पट्ट्यातले बरेच पॉझिटिव्ह खोटे निघतात, विशेषतः ज्यांना आधीपासून एचएसव्ही १ आहे त्यांच्यात. आकडा जितका वर, तितकी खात्री वाढते. पण ३ च्या वरही ती शंभर टक्के नसते.

असं का होतं, ते साध्या हिशेबाने कळतं. समजा, कसलाच त्रास नसलेल्या १,००० जणांची तपासणी केली आणि त्यांतल्या ५० जणांना खरोखर संसर्ग आहे. चाचणी त्यांतले ४६ पकडते. उरलेल्या ९५० जणांत ती फक्त ३ टक्के वेळा चुकते असं धरलं, तरी २८ निरोगी माणसांच्या हातात पॉझिटिव्हचा कागद पडतो. म्हणजे ७४ पॉझिटिव्हपैकी २८ खोटे. लक्षणं नसताना 'फुल बॉडी चेकअप'च्या किंवा लग्नाआधीच्या पॅकेजमध्ये ही चाचणी करून घेऊ नये, असं माझं ठाम मत या हिशेबावरच उभं आहे.

इथे एक सावधगिरी. १.१ आणि ३ हे आकडे त्या विशिष्ट प्रकारच्या इंडेक्सलाच लागू आहेत. तुमच्या लॅबने दुसरं यंत्र वापरलं असेल, एकक वेगळं असेल, तर ही फूटपट्टी तिथे लावता येत नाही. तुमचा ४० आणि मित्राचा २ यांची तुलना करण्यात काही अर्थ नाही. दोन वेगळ्या लॅबचे आकडे शेजारी ठेवून 'वाढलं' किंवा 'कमी झालं' असंही म्हणू नका. आयजीजीचा आकडा आजाराची तीव्रता दाखवत नाही आणि औषधाने तो उतरावा अशी अपेक्षाही नसते.

आता आयजीएम, म्हणजे अँटिबॉडीचा दुसरा प्रकार. रिपोर्टमधली सगळ्यात जास्त नुकसान करणारी ओळ हीच. 'आयजीएम पॉझिटिव्ह म्हणजे नुकताच झालेला संसर्ग' हे समीकरण इतर काही आजारांत चालतं, हर्पीसमध्ये चालत नाही. जुना हर्पीस पुन्हा उठला तरी आयजीएम वर येऊ शकतं, आणि ते एक की दोन हा प्रकारही धड सांगत नाही. त्यामुळे त्याच्यावरून 'गेल्या महिन्यात कुठून तरी आणलंस' असा आरोप करणं शास्त्राला धरून नाही. सीडीसी ही चाचणी वापरूच नका म्हणते. आपल्याकडे मात्र ती 'टॉर्च' पॅनेलमधून, म्हणजे गरोदरपणाशी संबंधित संसर्गांच्या चाचण्यांच्या संचातून, घराघरांत पोचते. गर्भपात झाला की टॉर्च लिहून दिली जाते, त्यात एचएसव्ही आयजीएम किंचित वर दिसतं आणि बाई आधीच खचलेली असताना तिच्यावर हा शिक्का बसतो. वारंवार होणाऱ्या गर्भपाताचं कारण त्या ओळीत सापडत नाही. ती ओळ धरून महिनोन्‌महिने अ‍ॅसायक्लोव्हिर हे हर्पीसचं औषध चालू असेल, तर कशासाठी चालू आहे हे डॉक्टरांना जरूर विचारा.

तिसरा गोंधळ 'एचएसव्ही १ + २ आयजीजी' या एकत्रित चाचणीचा. ती स्वस्त असते, म्हणून पॅकेजमध्ये तीच येते. एचएसव्ही १ म्हणजे ओठांच्या कडेला, ताप येऊन गेल्यावर फोड आणणारा विषाणू. तो बहुतेकांना लहानपणीच, घरातल्यांच्या लाळेतून, पाप्यांतून लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या अंदाजानुसार जगात ५० वर्षांखालच्या सुमारे ३८० कोटी लोकांना तो आहे, म्हणजे शंभरात ६४. एकत्रित चाचणी पॉझिटिव्ह येण्याचं सर्वांत साधं कारण हेच असतं. करायचीच असेल तर एक आणि दोन वेगवेगळे दाखवणारी, 'ग्लायकोप्रोटीन जी'वर आधारलेली टाइप-स्पेसिफिक चाचणी मागा. काउंटरवरच्या मुलाला ते माहीत नसेल, तर लॅबच्या पॅथॉलॉजिस्टशी बोलायचंय असं सांगा.

आणि कुठलीही रक्तचाचणी, कितीही चांगली असली तरी, तीन गोष्टी सांगूच शकत नाही : विषाणू शरीरात कुठे आहे, कधी आला आणि कोणाकडून आला. एचएसव्ही १ पॉझिटिव्ह असेल तर तो ओठावरही असू शकतो आणि खालीही, कारण मुखमैथुनातून तो खाली जातो. एचएसव्ही २ अनेकांच्या अंगात वर्षानुवर्षं गप्प बसतो आणि ध्यानात येण्याजोगे पहिले फोड लग्नानंतर सातव्या वर्षीही उठू शकतात. पहिले फोड म्हणजे नवा संसर्ग, असं गृहीत धरून घर मोडू नका.

शब्दाचाही एक घोळ आहे. आपल्याकडे डॉक्टर 'हर्पीस' म्हणाले की घरातली मोठी माणसं 'नागीण' समजतात. नागीण म्हणजे हर्पीस झोस्टर. तो कांजिण्यांच्या विषाणूपासून होतो, शरीराच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखा उठतो आणि सहसा आयुष्यात एकदाच येतो. नितंबावर किंवा जांघेत एका बाजूला फोड उठले की दोन्हींची गल्लत होते. 'मला तिसऱ्यांदा नागीण झाली, त्याच जागी' असं कोणी म्हणत असेल, तर तिथे हर्पीस सिम्प्लेक्सची शक्यता आधी तपासायला हवी.

मग खात्री कशाने होते? फोडातून घेतलेल्या स्वॅबच्या पीसीआरने, म्हणजे विषाणूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या चाचणीने. माझं सगळं सांगणं या एका मुद्द्यापाशी येतं : रक्ताच्या मागे लागू नका, ताजा फोड पकडा. फोड उठल्यापासून पहिल्या ४८ तासांत, पाणी भरलेलं असताना किंवा नुकताच फुटून ओला असताना स्वॅब घेतला तर पीसीआर विषाणू पकडतो आणि एक की दोन तेही सांगतो. खपली धरली की विषाणू कमी होतो आणि रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. 'पीसीआर निगेटिव्ह, म्हणजे हर्पीस नाही' हे म्हणूनच नेहमी खरं नसतं. स्वॅब कितव्या दिवशी घेतला, ते आधी पाहायचं.

मुंबईत हे ४८ तास कसे निसटतात तेही बघा. शुक्रवारी रात्री चुरचुर सुरू होते, शनिवारी ऑफिस किंवा लाज आडवी येते, रविवारी दवाखाना बंद. सोमवारी डॉक्टर लिहून देतात, मंगळवारी लॅबवाला म्हणतो हा स्वॅब आमच्या या शाखेत घेत नाहीत. चौथ्या दिवशी खपली. यावर उपाय म्हणजे फोड नसतानाच तयारी करून ठेवणं. त्वचारोगतज्ज्ञांना भेटून 'एचएसव्ही १ व २ पीसीआर, जखमेचा स्वॅब' अशी चिठ्ठी आधीच घ्या. दोन-तीन लॅबना फोन करून विचारा : स्वॅब कोणत्या शाखेत घेता, किती वाजेपर्यंत, घ्यायला डॉक्टर किंवा अनुभवी नर्स असते का, व्हीटीएम आहे का. व्हीटीएम म्हणजे कोविडच्या काळात नाकाचा स्वॅब ज्या द्रवाच्या ट्यूबमध्ये टाकायचे तीच. स्वॅब प्लॅस्टिकच्या दांडीचा, सिंथेटिक टोकाचा हवा, लाकडी काडीवरचा कापूस चालत नाही. घेणाऱ्याने फोडाचं वरचं टोपण उघडून तळ जोर देऊन घासायला हवा. दुखतं, पण नुसता वरून फिरवलेला स्वॅब वाया जातो. नमुना लगेच पाठवला जाणार नसेल तर २ ते ८ अंशांत, फ्रीजमध्ये. आणि सकाळपासून त्या जागी डेटॉल, सॅव्हलॉन, हळद, मलम काहीही लावायचं नाही. गोळी सुरू करायची असेल तर स्वॅब घेतल्यावर लगेच पहिली घ्या. पण स्वॅब दोन दिवस मिळणारच नसेल आणि त्रास खूप असेल, तर त्यापायी औषध अडवून धरू नका.

काही ठिकाणी त्झँक स्मिअर करतात : फोडाचा तळ खरवडून काचपट्टीवर घ्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोठ्या, अनेक केंद्रकांच्या पेशी शोधायच्या. झटपट आणि स्वस्त. पण तो हर्पीस सिम्प्लेक्स आणि नागीण यांत फरक करू शकत नाही आणि बऱ्याचदा चुकवतोही.

रक्तचाचणीला जागा आहे, पण मर्यादित. स्वॅब मिळालाच नाही, त्रास परत परत होतो आहे, किंवा जोडीदाराला हर्पीस आहे आणि स्वतःचं जाणून घ्यायचंय, अशा वेळी. संबंधानंतर दुसऱ्या आठवड्यात केलेला आयजीजी निगेटिव्ह आला तर त्यावर विसंबू नका. अँटिबॉडी तयार व्हायला काही आठवडे लागतात, १२ आठवड्यांनी पुन्हा करा. कमी आकड्याचा पॉझिटिव्ह असेल तर पुढची चाचणी वेगळ्या पद्धतीच्या किटवर. यातली सर्वमान्य कसोटी म्हणजे सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातली वेस्टर्न ब्लॉट ही रक्तचाचणी, जी आपल्याकडे रोजच्या वापरात नाही. म्हणून इथे लक्षणांचा नीट इतिहास आणि ताज्या फोडाचा पीसीआर यांचं वजन आणखी वाढतं. एचएसव्ही १ चा आयजीजी तर उलट बाजूनेही फसवतो, खरा संसर्ग असलेल्या बऱ्याच जणांना तो निगेटिव्ह दाखवतो.

'मला दर दोन महिन्यांनी तिथेच होतं, पण सगळे रिपोर्ट निगेटिव्ह', ही तक्रार वेगळ्या नजरेने पाहायला लागते. त्याच जागी परत परत येणारं सगळंच हर्पीस नसतं. आपल्याकडे सर्रास हुकणारं निदान म्हणजे औषधाची अ‍ॅलर्जी, फिक्स्ड ड्रग इरप्शन. जुलाबाची गोळी घेतली, त्यात नॉरफ्लॉक्सासिन-टिनिडाझोल होतं, किंवा अंगदुखीची एखादी गोळी किंवा कोट्रायमॉक्साझोल घेतलं, आणि काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत शिश्नाच्या टोकावर त्याच जागी लाल-जांभळा चट्टा, फोड, मग साल गेलेली जखम. बरी झाली की काळपट डाग मागे राहतो. हर्पीस असा ठसठशीत काळा डाग सहसा ठेवत नाही. मागच्या तीन वेळांच्या आदल्या दोन दिवसांत कोणती गोळी घेतली, एवढं आठवलं तरी कोडं सुटतं.

दुसरं कारण मधुमेह. पुढच्या त्वचेला परत परत चिरा पडत असतील, खाज आणि पांढरा थर असेल, तर ते बुरशीचं काम असू शकतं. साखर आणि एचबीएवनसी तपासा. डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या, लघवीतून साखर बाहेर टाकणाऱ्या गोळ्या चालू असतील तर हा त्रास वाढतो. अशा वेळी गोळी मनाने बंद न करता लिहून देणाऱ्या डॉक्टरांना सांगा. पावसाळ्यात ओली जीन्स, न वाळलेली अंतर्वस्त्रं आणि दीड तासाची लोकल यांतून जांघेत गजकर्ण येतं. रेझर फिरवल्यावर केसांच्या मुळाशी पुळ्या येतात. आणि न दुखणारी, एकच, कडक काठाची जखम दिसली तर सिफिलिससाठी व्हीडीआरएल आणि टीपीएचए करायलाच हवं. खरं तर गुप्तांगावरच्या कोणत्याही नव्या जखमेला सिफिलिस आणि एचआयव्ही या दोन चाचण्या हर्पीसच्या आयजीजीपेक्षा जास्त गरजेच्या आहेत, कारण दोन्हींवर वेळेवर उपचार झाल्याने पुढचं सगळं बदलतं.

केमिस्टकडून 'खाज-गजकर्ण-जखम, सगळ्यावर चालतं' असं म्हणत मिळणारी ट्यूब मात्र नको. त्यात बहुतेक वेळा क्लोबेटासोलसारखं जोरदार स्टेरॉइड असतं. दोन दिवस आराम वाटतो. पण बुरशी पसरते, हर्पीसची जखम लांबते, नाजूक त्वचा पातळ होते आणि पुढच्या डॉक्टरांना मूळ दुखणं ओळखूच येत नाही. अ‍ॅसायक्लोव्हिरच्या मलमाचाही इथे फारसा उपयोग नाही. औषध पोटातून घ्यायचं असतं.

आता निदान पक्कं असेल, तर पुन्हा पुन्हा येण्याबद्दल. पहिल्या वेळेनंतर विषाणू मज्जातंतूंवरून चढत कंबरेखालच्या मणक्याजवळच्या गाठींत जाऊन बसतो. तिथून तो कोणत्याही औषधाने काढता येत नाही. अधूनमधून तो त्याच तंतूंवरून खाली उतरतो, म्हणून फोड साधारण त्याच भागात येतात. तंतूचा पसारा मोठा असल्यामुळे ते कधी नितंबावर, कधी गुदद्वाराजवळही उठतात, तो नवा संसर्ग नव्हे. पहिला झटका २ ते ४ आठवडे रेंगाळू शकतो, पुढचे बहुधा ५ ते १० दिवसांत आटोपतात. इथे प्रकार कळल्याचा खरा फायदा आहे. एचएसव्ही २ असेल तर पहिल्या वर्षात साधारण चार वेळा उठणं नेहमीचं आहे. गुप्तांगावर एचएसव्ही १ असेल तर पहिल्या वर्षात एखादं, पुढे अनेकांना काहीच नाही. 'जन्मभर असंच चालणार का?' या प्रश्नाचं उत्तर दोघांना वेगळं मिळतं.

उठण्याच्या आदल्या दिवशी बऱ्याच जणांना खूण मिळते : त्या जागी मुंग्या, जळजळ, नितंबातून मांडीत उतरणारी कळ. गोळी सुरू करायची वेळ हीच, नाहीतर फोड दिसल्यापासून एका दिवसाच्या आत. तिसऱ्या दिवशी सुरू केलेल्या गोळीने फार फरक पडत नाही आणि मग 'औषध लागू पडत नाही' असा गैरसमज होतो. डॉक्टरांनी लिहून दिलेली एक स्ट्रिप घरी आणि एक बॅगेत असावी. पहिल्या झटक्याला अ‍ॅसायक्लोव्हिर ४०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, ७ ते १० दिवस. पुढच्या झटक्यांना अ‍ॅसायक्लोव्हिर ८०० दिवसातून दोनदा ५ दिवस, किंवा व्हॅलासायक्लोव्हिर ५०० दिवसातून दोनदा ३ दिवस. किडनीचा त्रास असेल, क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर हे डोस कमी करावे लागतात, म्हणून डॉक्टरांना आधी ते सांगा. पाणी भरपूर प्या. लघवीला आग होत असेल तर लघवी करताना मगाने पाणी सोडत राहा. लघवी अडलीच, किंवा डोकं प्रचंड दुखून मान आखडली, तर घरी थांबू नका.

वर्षात सहा किंवा जास्त वेळा त्रास होत असेल, किंवा वेळा कमी असूनही मनाने माणूस पार थकला असेल, तर रोजची प्रतिबंधक गोळी विचारा : अ‍ॅसायक्लोव्हिर ४०० दोनदा, म्हणजे महिन्याला ६० गोळ्या, किंवा व्हॅलासायक्लोव्हिर ५०० एकदा, म्हणजे ३०. वर्षाला दहापेक्षा जास्त झटके असतील तर व्हॅलासायक्लोव्हिर बहुधा १ ग्रॅम लागतं. याने झटके ७० ते ८० टक्के कमी होतात. वर्षभराने थांबवून पाहतात. थांबवल्यावर पहिला झटका येतोच म्हणून लगेच घाबरायचं नाही, निदान दोन झटके पाहून मग ठरवायचं. रोज गोळी घेऊनही फोड येत राहिले तर आधी गोळ्या चुकताहेत का ते तपासा, मग निदान पुन्हा तपासा. प्रतिकारशक्ती चांगली असलेल्यांत औषधाला दाद न देणारा विषाणू फार क्वचित आढळतो. महिनाभर न भरणारी जखम मात्र एचआयव्ही चाचणी झाल्याशिवाय सोडू नये.

सहा महिने एक साधी नोंद ठेवा. तारीख, जागा, आधी मुंग्या आल्या का, खपली कितव्या दिवशी, पाळीची तारीख, ताप, रेझर, आणि त्याआधी घेतलेली प्रत्येक गोळी. डॉक्टरांना जाड फाइलपेक्षा हे एक पान जास्त उपयोगी पडतं. पहिल्या दिवशी काढलेला मोबाइल फोटोही दाखवा, फक्त तो फॅमिलीच्या शेअर्ड अल्बममध्ये जात नाही ना ते बघा. लॅबमध्येही स्वतःचाच नंबर आणि ईमेल द्या. घरच्या जुन्या खात्यावर नोंद झाली की रिपोर्ट वडिलांच्या फोनवर जातो.

जोडीदाराला सांगायचं कसं, हे ज्याचं त्याने ठरवावं. पण माहिती अचूक द्या. फोड नसतानाही विषाणू काही दिवस त्वचेवर येतो. फोड किंवा मुंग्या असताना संबंध पूर्ण टाळायचा, एरवी कंडोमने धोका कमी होतो, पण संपत नाही. एका मोठ्या अभ्यासात रोजच्या व्हॅलासायक्लोव्हिरने एचएसव्ही २ जोडीदाराला लागण्याचं प्रमाण जवळपास निम्म्याने घटलं. गरोदरपणी तर प्रसूतितज्ज्ञांना सांगायलाच हवं. जुना हर्पीस असलेल्या आईच्या बाळाला धोका फार कमी असतो, एक टक्क्याहूनही कमी. शेवटच्या तीन महिन्यांत नव्याने लागण झाली तर तो ३० ते ५० टक्क्यांपर्यंत जातो. त्यामुळे त्या काळात, नवऱ्याला ओठावर फोड असला तरी, जपायचं. ३६ व्या आठवड्यापासून गोळ्या देतात आणि कळा सुरू होताना फोड असतील तर सिझेरियन करतात.

मुंबईत जायचं कुठे? केईएम, सायन, नायर, जे. जे. या रुग्णालयांत त्वचा आणि गुप्तरोग विभागाची ओपीडी आहे, सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढावा लागतो. सरकारी 'सुरक्षा क्लिनिक'मध्ये समुपदेशन आणि उपचार मोफत मिळतात, नागिणीचे नव्हे तर याच हर्पीसचे. तिथलं लाल रंगाचं पाच नंबरचं किट म्हणजे अ‍ॅसायक्लोव्हिर. जवळचं केंद्र १०९७ या मोफत क्रमांकावर विचारता येतं, नाव सांगावं लागत नाही. खासगीत जाताना पाटीवर त्वचारोगातली एमडी किंवा डीएनबी, नाहीतर डीव्हीडी किंवा डीडीव्ही यांपैकी पदवी पाहा. शेवटच्या दोन्हींतला व्ही म्हणजे व्हेनेरिऑलॉजी, गुप्तरोगांचं शास्त्र, हेच दुखणं त्यांच्या अभ्यासाचा भाग असतं. लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या 'गुप्तरोग, एका आठवड्यात मुळासकट' या स्टिकरवरचा नंबर फिरवू नका. मुळासकट काढणारं औषध आज कुणाकडेच नाही, आणि तिथे फोडाचा स्वॅब घेत नाहीत.